जमीन आपली, पाणी कोणाचे?



पाणी आटले की साऱ्या गावाला कळते. विहिरीला दोर पुरत नाही, हातपंप रिकामा खडखडतो, टँकरपुढे हंड्यांची रांग लागते. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेव्हा ती बातमी देशभर गेली. पाणी बिघडते तेव्हा मात्र असे काही होत नाही. मोटार तशीच चालते, हंडा तसाच भरतो, पाणी दिसायलाही नितळ असते. फार तर डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याच्या तळाशी पांढरे किटण धरते. "बोअरचे पाणी जरा जड आहे," असे म्हणून आपण तो विषय संपवतो.

परंतु या दोन गोष्टींचे नाते फार जवळचे आहे. जमिनीखालच्या पाण्याची पातळी खाली गेली की बहुधा त्याची प्रतही खाली जाते. यातून जो प्रश्न उभा राहतो तो केवळ पाणीखात्याचा नाही, आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा आहे. आपण आपल्याच जमिनीतून, आपल्याच पैशाने पाणी उपसतो. त्यामुळे दुसऱ्याच्या लेकराच्या पेल्यातले पाणी बिघडत असेल, तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते की नाही?

उत्तर शोधण्याआधी जमिनीखाली काय घडते ते थोडे पाहू. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. वाळूत पाणी साठते तसे कातळात साठत नाही. वरचा मुरूम, त्याखालचा झिजलेला भेगाळ खडक आणि त्याही खाली कठीण पाषाणातल्या फटी, एवढीच त्याची जागा. आपल्या आजोबांच्या विहिरी चाळीस-पन्नास फूट खोल असत. त्या वरच्या थरातले, अलीकडच्या पावसाचे पाणी देत. दर पावसाळ्यात नवे पाणी आत उतरे, जुने ओढ्यानाल्यांवाटे निघून जाई आणि जाताना क्षारही घेऊन जाई. विहीर जणू दरवर्षी धुतली जाई.

बोअर चारशे-सहाशे फूट खाली जाते, तेव्हा तिला लागणारे पाणी पुष्कळदा निराळे असते. ते खडकाच्या फटींत वर्षानुवर्षे, काही ठिकाणी शतकानुशतके पडून राहिलेले असते. चहाची पूड पाण्यात जितका वेळ राहील तितका चहा कडक होतो, तसेच हे आहे. खडकातील क्षार हळूहळू पाण्यात उतरतात. त्यात एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. अशा जुन्या पाण्यातील कॅल्शियम पुष्कळ वेळा कमी होत जाते आणि सोडियम वाढते. कॅल्शियम भरपूर असते तोवर ते फ्लोराइडला फारसे विरघळू देत नाही. ते कमी झाले की फ्लोराइडला वाट मोकळी होते. म्हणून फ्लोराइड जास्त असलेले पाणी जिभेला चांगले मऊ लागू शकते आणि त्यात साबणालाही फेस येऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. उकळल्याने ते जात नाही, उलट पाण्याची वाफ होऊन अधिक दाट होते. येथे आपली जीभ आणि आपले डोळे हे साक्षीदार उपयोगाचे नाहीत.

दुसरे कारण अगदी साधे आहे. हंड्यातले मीठ तेवढेच ठेवून पाणी निम्मे केले तर खारटपणा दुप्पट होतो. शेतातला युरिया, गोठ्याचे मूत, शोषखड्ड्यांचे सांडपाणी यांतून नायट्रेट जमिनीत मुरते. खाली पाणी भरपूर असेल तर ते विरळ होते, थोडे असेल तर दाट होते. शिवाय उपसलेले पाणी आपण पिकाला देतो, त्यातले पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मातीत राहतात आणि पुढच्या पाळीला किंवा पावसाला पुन्हा खाली उतरतात. पाऊस कमी असलेल्या भागात हे क्षार वाहून नेणारे नवे पाणीच अपुरे पडते.

तिसरे कारण बोअरच्या भोकातच आहे. केसिंग पाइप बहुधा वरच्या मऊ थरापुरताच टाकतात. कठीण खडक लागला की पुढचे भोक उघडेच राहते. त्यामुळे एका थरातले वाईट पाणी त्या वाटेने दुसऱ्या थरात उतरू शकते. गावात शंभर बोअर झाल्या म्हणजे अशा शंभर वाटा तयार झाल्या.

याचे परिणाम कोण भोगतो? भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणीच मिळत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. त्याहून अधिक फ्लोराइड लहानपणी पोटात जात राहिले, तर कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतानाच त्यांचे आवरण बिघडते. मग ते दात पांढुरके किंवा पिवळे-तपकिरी डाग घेऊनच वर येतात आणि ते डाग घासून जात नाहीत. बरेच जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडे व सांधे ताठरतात, पाठ वाकते, आणि हा आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही. आपल्या देशात या रोगाची नोंद १९३७ सालीच, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात झाली. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांनी तो भोगला आहे. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून पुष्कळ अधिक नायट्रेट असलेल्या पाण्यात कालवलेले वरचे दूध तान्ह्या बाळाला पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडू शकते.

ज्या मुलाच्या दातांवर डाग येतात त्याने कुठेही बोअर मारलेली नसते, हे येथे लक्षात ठेवू या.

ही वाट पुढे कोठे जाते ते उत्तर गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्याने दाखवले आहे. तेथे आपल्यासारखा कातळ नाही, गाळाची जमीन आहे. पण गोष्ट तीच. आधी साध्या विहिरी होत्या. त्या आटल्या तेव्हा नळविहिरी आल्या. त्या शेकडो फूट खाली गेल्या आणि खोलीबरोबर अनेक ठिकाणी पाण्यातले क्षार व फ्लोराइड वाढले. एकट्याच्या बळावर खोल जाणे परवडेना म्हणून शेतकऱ्यांनी भागीदारीत नळविहिरी घेतल्या आणि ते आणखी खाली गेले. शेवटी पिण्याचे पाणी दूरच्या नर्मदेवरून आणावे लागले.

तर मग बोअर हीच वाईट गोष्ट आहे काय? नाही, आणि असे म्हणणे अन्यायाचे होईल. उघड्या विहिरींच्या व पायऱ्यांच्या बारवांच्या पाण्यातून पटकी, विषमज्वर आणि नारू पसरत असे. विंधन विहिरी आणि हातपंप यांनी असंख्य जीव वाचवले. या कामात ख्रिस्ती सेवाकार्याचा वाटा आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या विहीर-कामातून हातपंपाचे मजबूत नमुने तयार झाले आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने देशभर पोहोचलेला 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप सोलापूरच्या नमुन्यावरूनच घडला. २००० साली आपला देश नारूमुक्त घोषित झाला, त्यातही या हातपंपांचे साहाय्य झाले. तेव्हा खोल पाणी नेहमी वाईट आणि उथळ पाणी नेहमी चांगले, असा नियम नाही.

पण हातपंप आणि विजेची मोटार यांत एक मोठा फरक आहे. हातपंपाने माणूस हाताला कळ लागेपर्यंतच उपसतो. त्या पाण्याने गाव पिते. मोटार रात्रभर उपसते, आणि त्या पाण्यावर ऊस उभा राहतो. नैतिक प्रश्न भोकाच्या खोलीपेक्षा आपल्या उपशाला मर्यादा आहे की नाही, हा आहे.

"जमीन माझी, तर तिच्याखालचे पाणीही माझे," असे आपण सहज म्हणतो. या समजुतीला कायद्याचा आधार आहे आणि त्याची गोष्ट बोधप्रद आहे. १८४३ साली इंग्लंडमध्ये एक खटला गाजला. एका कापडगिरणीच्या मालकाची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली होती. न्यायालयाने त्याला भरपाई नाकारली. त्यामागे एक विचार असा होता की, जमिनीखालचे पाणी कोठून येते व कोठे जाते हे कोणालाच दिसत नाही, म्हणून उघड्या नदीचे नियम त्याला लावता येत नाहीत. पुढे इंग्रजांनीच आपल्याकडे आणलेल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, आपल्या जमिनीखालचे, ठराविक प्रवाह नसलेले पाणी घेण्याचा हक्क जमीनमालकाला मिळाला. म्हणजे आज आपण ज्याला हक्क म्हणतो, त्याच्या पायात त्या काळचे अज्ञान आहे.

अज्ञानाविषयी संत थॉमस अक्वायनस यांनी फार बारकाईने विचार केला आहे. काही अज्ञान असे असते की, कितीही प्रयत्न केला तरी ते दूर होत नाही. त्यातून घडलेल्या गोष्टीचा दोष माणसाला लागत नाही. काही अज्ञान प्रयत्नाने दूर होण्यासारखे असते, पण माणूस हयगय करतो. तेथे दोष लागतो. आणि तिसरे अज्ञान असे, की माणसाला जाणून घ्यायचेच नसते, कारण कळले तर वागणे बदलावे लागेल. हे अज्ञान दोष कमी करत नाही, उलट त्यात भर घालते.

१८४३ च्या न्यायाधीशांचे अज्ञान पहिल्या प्रकारचे होते. आपले तसे उरलेले नाही. १९७२ पासून राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा काम करते आहे. तिच्या निरीक्षण विहिरींत पाण्याची पातळी वर्षानुवर्षे मोजली जाते. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ मध्ये लागू झाला. त्यात साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हटले आहे आणि शेती वा उद्योगासाठी अशी नवी विहीर घेण्यास मनाई केली आहे. शास्त्र आणि कायदा दोघेही आता सांगतात की, बांधावरचा दगड जमिनीची हद्द दाखवतो, पाण्याची नव्हे. खालची फट गट नंबर पाहून थांबत नाही. तेव्हा "आम्हांला काय ठाऊक?" हे उत्तर आता दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि कधीकधी तिसऱ्या.

येथे एखादा शेतकरी बांधव म्हणेल, "फादर, हे सगळे खरे. पण डाळिंबाची बाग डोळ्यांदेखत वाळते आहे, सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे. मी बोअर मारली नाही तर शेजारी मारेल, आणि तेच पाणी नेईल. माझ्या एकट्याच्या चांगुलपणाने काय होणार?" हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देणे बरे नव्हे. एकट्याने थांबून पाणी वाचत नाही, हे पुष्कळ अंशी खरेच आहे. परंतु त्यातून 'म्हणून सर्वांनी उपसावे' असे निष्पन्न होत नाही. जे एकट्याने साधत नाही ते सर्वांनी मिळून ठरवावे, असे निष्पन्न होते. सर्वांच्या मालकीच्या गोष्टीबाबत माणसाचे पहिले कर्तव्य त्यागाचे नसेल कदाचित, पण एकत्र बसण्याचे निश्चित आहे.

असे बसणे शक्य असते, याची उदाहरणे लांब शोधायला नकोत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर ठरत नसे, घरातल्या माणसांवर ठरे. भूमिहीनालाही वाटा असे. आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही असा नियम होता. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर स्वतःहून बंदी घातली, आणि पावसाचा हिशेब मांडून पिके ठरवण्याची, म्हणजे पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत पाडली. याच जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या येशूसंघीय धर्मगुरूंनी गावोगावच्या लोकांना बरोबर घेऊन पाणलोटाचे काम उभारले. डोंगराच्या माथ्यापासून पाणी अडवले तर वरच्या थरात नवे पाणी येते, विहिरी पुन्हा भरू लागतात, आणि खाली साचलेले क्षारही विरळ होतात. पण अडवलेले पाणी नव्या बोअरने उपसले तर सारे श्रम वाया जातात, म्हणून बांध आणि नियम ही जोडी सोडता येत नाही.

पाणी पंचायतीतला भूमिहीनांचा वाटा आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या धर्मग्रामात बागायतदार आहेत, तशीच ऊसतोडीला जाणारी, रोजंदारीवर राबणारी, सातबाऱ्यावर नाव नसलेली कुटुंबेही आहेत. पाणी बिघडले की ज्याच्या हाती पैसा आहे तो जार विकत घेतो किंवा घरी आरओ बसवतो. हे घरगुती यंत्र बहुधा जितके पाणी शुद्ध करते त्याहून अधिक खारे पाणी बाहेर टाकते, आणि ते पुन्हा जमिनीतच मुरते. ज्याच्या हाती पैसा नाही तो उरलेले पाणी पितो. अशा रीतीने ज्याने सर्वांत कमी उपसले त्याच्याच वाट्याला सर्वांत वाईट पाणी येते. २०१० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पाणी हा मानवी हक्क मानला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात गरिबांना मिळणाऱ्या पाण्याच्या प्रतीचा प्रश्न मुद्दाम मांडला. सृष्टीचे दान सर्वांसाठी आहे, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. मालमत्तेचा हक्क तिच्या मागून येतो, पुढून नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या विहिरींची गोष्ट आहे. त्याच्या बापाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या, नव्याही खणल्या. भांडणे झाली, तेव्हा तो पुढे सरकत गेला आणि अखेर जेथे तंटा राहिला नाही तेथे थांबला. आज शेजाऱ्याची विहीर बुजवायला माती टाकावी लागत नाही. वैर नसतानाही, केवळ त्याच्याहून खोल गेल्याने ती कोरडी पडू शकते. आणि इसहाकाला पुढे सरकायला मोकळे रान होते, तसे आपल्याला आता नाही.

नवी बोअर घेतली की आशीर्वादासाठी आपण धर्मगुरूंना बोलावता, आणि आम्ही आनंदाने येतो. त्या प्रार्थनेआधी तीन प्रश्न घरात बसून विचारावेत, अशी आमची विनंती आहे. हे पाणी पिण्यासाठी हवे की पिकासाठी? पिकासाठी असेल तर कमी पाण्याचे पीक किंवा ठिबक यांनी भागणार नाही काय? आणि जवळच्या ज्या विहिरीवर किंवा हातपंपावर दुसरे कोणी पाणी भरतात, त्यांना आपण विचारले आहे काय?

याबरोबरच पाणी तपासून घ्यावे. उन्हाळ्याच्या शेवटी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, अशी वर्षातून दोनदा तपासणी झाली तर पातळीबरोबर प्रत कशी बदलते ते कळते. शासकीय प्रयोगशाळांत फ्लोराइड, नायट्रेट व एकूण क्षार तपासून मिळतात. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना संचाने पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या ग्रामपंचायतीत त्या भगिनी कोण, हे विचारून घ्यावे. पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त निघाले तर ते उकळून भागणार नाही. लहान मुलांसाठी आणि गरोदर भगिनींसाठी दुसऱ्या स्रोताचे पाणी आधी राखून ठेवावे, मग इतरांचा विचार करावा.

याची सुरुवात चर्चच्या आवारातील बोअरपासून करू या. तिचे पाणी शेजारच्या वस्तीतील लोकही भरतात. येत्या आठवड्यात तिचा नमुना तपासणीस जाईल, आणि निकाल कसाही आला तरी तो सूचनाफलकावर लावला जाईल.

आपले धर्मगुरू